संकेतस्थळ

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. तेव्हा यातला 'आम्ही' आदरार्थी नाही आणि संपादकीय तर नाहीच. तो व्याकरणातला साधा, अनेकवचनी 'आम्ही' आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघेही चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीला टेकलो आहोत, आणि लग्नाला इतकी वर्षे झाली आहेत की एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने संपवावे व मग त्या वाक्याच्या मालकीवरून वाद घालावा. आमच्यातली एक कोकणातली, सावंतवाडीकडची. दुसरा मराठवाड्यातला, अंबाजोगाईजवळचा. जिथे आमचे एकमत नाही, तिथे तसे सांगू.

लेखाला निमित्त झाले ते मागच्या दिवाळीच्या सुटीतल्या पुण्याच्या फेरीचे. मुलगी बारावीत आहे. जूनपासून ती पुण्यात शिकायला जाणार, निवृत्तीनंतर आपणही तिकडेच जाऊ, आता कर्ज मिळेल, पुढे मिळणार नाही, असा सगळा हिशेब करून आम्ही तिघे एक सदनिका पाहायला गेलो होतो. दाखवणारा तरुण फार अदबीने बोलत होता. पाणी चोवीस तास. बोअर वेगळी. दवाखाना दहा मिनिटांवर. तीन ठिकाणी सुरक्षारक्षक. कोणी पाहुणा आला तर फाटकावरून फोन येणार, तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्याला आत सोडणार नाहीत. "राहायला याच्यापेक्षा आदर्श जागा मिळणार नाही, सर," तो म्हणाला. आम्ही दोघांनीही मान डोलावली.

परतताना स्वारगेटहून एस.टी.त बसलो. कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर मुलीने खिडकीबाहेर पाहतच विचारले, "तुमची पहिली डेट कुठे झाली होती?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले. एकाने 'अनिकेत' म्हटले, दुसरीने 'झेड ब्रिज'. मुलगी इतकी हसली की पुढच्या बाकावरच्या आजींनी वळून पाहिले. "म्हणजे दोघांची वेगवेगळी झाली की काय?"

त्या दिवसापासून राहण्याची जागा आणि पहिल्या भेटीची जागा हे दोन विषय आमच्या मनात एकमेकांत गुंतून राहिले आहेत.

२००१ साली आम्ही पुणे विद्यापीठात एम.ए.ला आलो. २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. आमच्या वेळी ते नुसतेच पुणे विद्यापीठ होते. पहिल्या वर्षी महानुभाव वाङ्मयावर चर्चासत्रासाठी निबंध लिहायचा होता, आणि योगायोग असा की आम्ही दोघांनीही एकमेकांना न विचारता 'स्थानपोथी' हाच विषय घेतला. जयकर ग्रंथालयात त्या वेळी आम्हांला तिची एकच प्रत सापडली. ती कोकणातलीच्या हातात होती आणि मराठवाड्यातला टेबलापलीकडे उभा राहून ती कधी मोकळी होते याची वाट पाहत होता.

'स्थानपोथी' हा विलक्षण ग्रंथ आहे. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली ही चौदाव्या शतकातली रचना. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या आठवणी आहेत, तर इथे त्या आठवणी जिथे घडल्या त्या जागांची नोंद आहे. अमुक गावात देऊळ कुठल्या दिशेला, त्याचे दार कुणीकडे, आसन कुठे होते, मुक्काम कुठे होता. वरवर पाहता यात वाङ्मय नाही. आहे ती मोजदाद. पण माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी तो बसला होता ती जागा इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवावी, यात जी आर्तता आहे ती पुष्कळ विरहगीतांत सापडत नाही. तेव्हा आम्हांला हे समजले होते असे मुळीच नाही. तेव्हा चिंता एवढीच होती की निबंध वेळेत कसा द्यायचा.

"तुम्ही अर्धी वाचा, मी अर्धी वाचते, मग एकमेकांना सांगू," असे कोकणातली म्हणाली. सांगण्यासाठी ग्रंथालयाबाहेर जाणे भाग होते. म्हणून आम्ही विद्यापीठातल्या अनिकेत कँटीनमध्ये गेलो. दोन चहा आणि एक क्रीमरोल घेतला. तो अर्धा करताना अर्ध्याहून अधिक भाग चुऱ्यात गेला. झाडांखाली बसून दीड तास आम्ही फक्त देवळांच्या दारांच्या दिशांबद्दल बोललो.

मराठवाड्यातल्याच्या मते ही पहिली भेट. कोकणातलीला हे मान्य नाही. तिचे म्हणणे असे की त्या दीड तासात आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो. आणि 'तुम्ही'च्या भेटीला अभ्यास म्हणतात. तिच्या लेखी पहिली भेट त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. एका संध्याकाळी पी.एम.टी.च्या बसने डेक्कनला उतरून, पुस्तकांच्या दुकानात काहीच विकत न घेता हिंडून, आम्ही मुठेवरच्या झेड पुलावर गेलो. पुलाच्या कठड्याला लागून दुचाकी उभ्या होत्या आणि प्रत्येक दुचाकीवर नदीकडे तोंड करून एक जोडी बसली होती. आमच्याकडे दुचाकी नव्हती. आम्ही नुसतेच कठड्याला टेकून उभे राहिलो. खालून नदी कमी आणि वास अधिक येत होता. तिथे बोलता बोलता, नेमके कोणत्या वाक्यात ते दोघांनाही आठवत नाही, 'तुम्ही'चे 'तू' झाले.

त्या दोन ठिकाणी काय होते, असा विचार आज करतो तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही. निसर्गशोभा बेताचीच होती. पण अनिकेतमध्ये एका चहावर दीड तास बसलो तरी 'उठा' असे कोणी म्हटले नाही, आणि पुलावर उभे राहिलो तेव्हा 'तुम्ही एकमेकांचे कोण?' असे कोणी विचारले नाही. त्या वेळी या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळच नव्हते. ते सापडेपर्यंत उभे राहायला जागा मिळाली, एवढेच त्या शहराने आम्हांला दिले. पुढे पुण्याने आम्हांला नोकरी दिली नाही, घर दिले नाही. तरी आजही त्या शहराविषयी वाईट बोलताना आम्ही जरा अडखळतो, त्याचे कारण हे असावे.

'अनिकेत' या शब्दाचा अर्थ ज्याला घर नाही तो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत तो येतो. ज्ञानदेवांनी त्यावर लिहिताना वाऱ्याचे उदाहरण दिले आहे: वाऱ्याला जसे एके ठिकाणी बिऱ्हाड नसते तसा हा भक्त; आणि लगेच पुढे त्याला अवघ्या विश्वाचे घर बहाल केले आहे. कँटीनला हे नाव देणाऱ्याच्या मनात यातले काय होते कोण जाणे. पण वसतिगृहातल्या, परगावच्या, खिशात मोजके पैसे असलेल्या मुलामुलींच्या बसण्याच्या जागेला याहून नेमके नाव आम्हांला सुचत नाही.

लग्नानंतर मात्र आम्ही खरोखरच अनिकेत झालो, आणि त्यात अध्यात्म काही नव्हते. नेट-सेट उत्तीर्ण होऊनही पहिली काही वर्षे दोघेही तासिका तत्त्वावर, दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत. भाड्याच्या खोल्या, दर जूनला बदलणारी गावे, एस.टी.चे पास. त्या काळात रात्री फोनवर एक खेळ चालायचा: कुठे राहायला आवडेल? कोकणातली म्हणायची, पडवी हवी, समोर शेणाने सारवलेले खळे हवे आणि पाऊस असा हवा की शेजाऱ्याशी बोलायचे तर ओरडावे लागेल. मराठवाड्यातला म्हणायचा, माळवद हवे, उन्हाळ्याच्या रात्री त्यावर अंथरूण टाकून झोपता आले पाहिजे. पुढे २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले, तेव्हा त्याने माळवदाचा हट्ट सोडला आणि 'आधी पाणी' असे म्हणू लागला. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिश्लोकांतही आदर्श गावाची यादी आहेच: धनिक, वेदज्ञ, राजा, नदी आणि वैद्य हे पाच जिथे नसतील तिथे एक दिवसही राहू नये. सदनिका दाखवणाऱ्या त्या तरुणाची यादी फारशी वेगळी नव्हती. कर्ज, शाळा, सुरक्षारक्षक, पाणी, दवाखाना. दोन्ही याद्यांत दोन माणसांनी एकमेकांना प्रथम भेटावे कुठे, याची सोय नाही. याद्या करणारे बहुधा भेटून झालेले असतात.

आमच्या वाङ्मयाला मात्र ही काळजी फार जुनी आहे. अशा जागेला शब्दच होता: संकेतस्थळ. ठरवून भेटण्याची जागा. आज वर्गात हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर संगणकाचा पडदा येतो. त्याचा मूळ अर्थ फळ्यावर लिहून सांगावा लागतो. हालाच्या 'गाथासप्तशती'त अशा जागा जागोजाग आहेत: गोदेकाठचे कुंज, वेळूची बेटे, उभ्या पिकाची शेते. साळीचे शेत पिकून पांढरे पडू लागले म्हणून मान खाली घालून रडणारी एक मुलगी तिथे आहे. कापणी झाली की आडोसा गेला. तिची सखी तिला समजावते की रडू नकोस, तागाची शेते फुलली आहेत. ज्या पिकावर गाव जगायचे त्याच पिकाची कापणी एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आणते, आणि कवी तिला हसत नाही. दोन्ही गोष्टी तो एकाच गाथेत राहू देतो.

पुढे अलंकारशास्त्राने या मुलीला नाव दिले. भानुदत्ताच्या 'रसमंजरी'त परकीया नायिकेचा 'अनुशयाना' हा भेद आहे: संकेतस्थळ नष्ट झाल्याने खंतावणारी. तिचेही तीन प्रकार आहेत. एकीची जागा डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होते. दुसरीला पुढे अशी जागा मिळणार नाही ही शंका छळते. तिसरीला तो तिथे जाऊन आल्याचे कळते आणि आपण पोहोचलो नाही याची चुटपुट लागते.

हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत, हेच पुढच्या कबुलीतले अवघड कलम आहे.

गेली कित्येक वर्षे आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात नोकरी करतो. आवारात एका जुन्या वर्षावृक्षाभोवती दगडी कट्टा होता. मुले-मुली तिथे बसत. २०१६ साली नॅकच्या समितीची भेट ठरली, त्याच सुमारास काही पालकांची तक्रार आली की कट्ट्यावर 'नको ते' चालते. काय चालते, हे तक्रारीत नव्हते. आम्ही पाहिले होते ते एवढेच की दोघे जण एका वहीत पाहत बसायचे आणि वहीचे पान बराच वेळ उलटले जात नसे. समिती नेमली गेली. आमच्यातली एक शिस्तपालनासाठी होती, दुसरा परिसर सुशोभीकरणासाठी. कट्टा काढून तिथे कुंड्या ठेवाव्यात आणि कॅमेरा बसवावा, असा ठराव झाला. बैठक पंचवीस मिनिटे चालली. आम्ही दोघांनीही सह्या केल्या. घरी आल्यावर त्यावर बोललो नाही. बोलण्यासारखे काही घडले आहे असे वाटलेच नाही.

कट्टा गेल्यावर मुले भेटायची थांबली नाहीत, ती एस.टी. स्टँडवर जाऊ लागली. महाविद्यालयाच्या आवारात त्यांना पाहणारे आम्ही होतो; स्टँडवर सारा तालुका होता. पुढच्याच वर्षी आमच्या विभागातल्या एका मुलीला स्टँडवर एका मुलाशी बोलताना कोणी नातलगाने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. द्वितीय वर्षाच्या परीक्षेचा अर्ज तिने भरला नाही आणि उन्हाळ्यात तिचे लग्न झाल्याचे कळले. कट्टा असता तर हे टळले असते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. टळले नसते, असेही सांगता येत नाही. तिच्या ट्यूटोरियलची वही अजून आमच्या कपाटात आहे; अक्षर चांगले होते.

त्यानंतर एकदा वर्गात 'अनुशयाना' शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. खोडसाळपणाचा लवलेशही नव्हता. नोंद करून घ्यावी तसा तिचा स्वर होता. "मॅडम, संकेतस्थळ नष्ट होतं म्हणजे ते कोण नष्ट करतं, हे शास्त्रात दिलंय का?"

शास्त्रात ते दिलेले नाही. कापणी होते, ऋतू पालटतो, पाने गळतात. कोणी ठराव केल्याचा उल्लेख नाही. कोकणातलीने "पुढच्या तासाला पाहू" असे म्हणून वर्ग सोडला. त्या रात्री, दोन वर्षे उशिरा, आम्ही घरी त्या सह्यांविषयी बोललो.

आमच्या त्या दोन सह्यांना मोठ्या सामाजिक प्रश्नाचा मुलामा देऊन हलके करण्याची इच्छा नाही. पण आपल्याकडे घराचा प्रश्न आणि प्रेमाचा प्रश्न एकाच दारातून येतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. १९७० सालचा 'मुंबईचा जावई' हा चित्रपट चाळीतल्या नवविवाहितांना एकांत कसा मिळत नाही यावर उभा होता. १९७२ मध्ये त्यावरूनच 'पिया का घर' हा हिंदी चित्रपट निघाला. लग्न झालेल्यांची ही गत, तर न झालेल्यांनी समुद्राकडे तोंड करून बसायचे. त्यालाही हरकत असतेच. २०२१ साली बोरिवलीत एका गृहसंकुलाबाहेरच्या रस्त्यावर 'नो किसिंग झोन' असे रंगवले गेले, तेव्हा वर्तमानपत्रे ते वाचून हसली. आम्हांला हसता आले नाही. आम्ही रंगही न वापरता तेच केले होते.

पुढे २०१९ मध्ये आम्ही प्राचार्यांकडे अर्ज केला. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा आपल्याकडे 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त वृक्षाखाली 'वाचनकट्टा' बांधावा, असे त्यात लिहिले. दोन पाने उद्दिष्टे लिहिली. त्यातले एकही उद्दिष्ट खोटे नव्हते; फक्त पहिले लिहिले नव्हते. अर्ज मंजूर झाला, कुंड्या हलल्या. कट्टा पूर्वीपेक्षा लहान आहे, दगडाचा नाही, सिमेंटचा आहे. कॅमेरा आहे, पण झाडाची एक फांदी आता त्याच्या समोर आली आहे आणि ती छाटायची आठवण आम्ही कोणाला करून देत नाही. हातात पुस्तक असले की कोणी हटकत नाही, हे मुलांना आपोआप कळले. ग्रंथालयातून पुस्तके पूर्वीपेक्षा अधिक बाहेर जातात, ती सगळी वाचली जातात असे मात्र नाही. साळ कापली गेली, तागावर भागवायचे.

सदनिकेचा निर्णय अजून झालेला नाही. एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी: फाटकावरून फोन आल्याशिवाय कोणी आत येणार नाही, असे तो तरुण म्हणाला तेव्हा आम्हांला बरे वाटले होते. मुलगी शेजारी उभी होती. अनिकेतमध्ये दीड तास बसलेले आम्हीच, आणि त्या फोनने सुखावलेलेही आम्हीच. यातला कोणता 'आम्ही' कर्जाच्या कागदांवर सही करणार, हा खरा प्रश्न आहे. अनुशयानेच्या दुसऱ्या प्रकारात, पुढे जागा मिळणार नाही या शंकेने झुरणाऱ्यांत, आईबापांनाही घालता येते की काय, असे कोकणातलीने परवा विचारले. मराठवाड्यातल्याचे उत्तर असे की शास्त्र नायिकेपुरतेच आहे, आईबाप त्यात अडथळा म्हणून येतात.

मुलीला आम्ही आमची छोटी स्थानपोथी सांगून ठेवली आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तिथे शोधू नकोस. तो आमच्यानंतर बांधला गेला आणि २०२० साली पाडलाही गेला. झेड पुलाजवळून आता मेट्रो जाते. अनिकेतमध्ये आम्ही बसलो होतो त्या झाडाखाली तोंड पूर्वेला होते, असे एकाचे म्हणणे. पश्चिमेला होते, कारण ऊन डोळ्यांवर येत होते, असे दुसरीचे. ती म्हणाली, तुम्ही भांडा, मी माझी जागा बघेन.

आणि एक. आमच्या विभागातून ग्रंथालयात जायचा जवळचा रस्ता त्या वाचनकट्ट्यावरून जातो. आम्हांला पाहिले की मुले उठून उभी राहतात, नमस्कार करतात आणि मग पुन्हा बसत नाहीत. म्हणून गेली काही वर्षे आम्ही दोघेही प्रयोगशाळेला वळसा घालून मागच्या बाजूने जातो. चार मिनिटे अधिक लागतात.